ताप उतरला, पण रीडचं काय?

अंबरनाथच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवताय? मग घसा बरा झाल्यावर आधी रीड बघा. बोरूसारख्या गवतापासून बनलेली ही पत्ती थुंकी शोषते. आपल्या पावसाळी दमट हवेत ती ओलीच डबीत ठेवली, की जंतू-बुरशीचं फावतं. २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या एका बॅगपाइपवादकाच्या मृत्यूची नोंद आली. फुप्फुसाच्या त्या आजारामागे वाद्यातली बुरशी असावी, असं डॉक्टरांचं मत होतं. असं क्वचितच घडतं. पण काळजी घेणं सोपं आहे. आजारपणात वाजवलेली रीड सरळ फेका. माउथपीस कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा. उकळतं पाणी नको. रोज वाजवून झालं की रीड पुसून हवेवर सुकवा. आणि मित्रानं कितीही गळ घातली, तरी आपली रीड द्यायची नाही!