हार्डनिंग झाले म्हणजे नेमके काय झाले?

डायचे ठोकळे हार्डनिंगहून परत आले की टूल रूममध्ये पहिला प्रश्न एकच असतो: किती लागला? रॉकवेल यंत्राचे हिऱ्याचे टोक टेकवायचे, आकडा ५८ ते ६० च्या आत आला की काम चोख झाले असे समजायचे आणि डाय प्रेसवर चढवायची. पुढे काही हजार ठोक्यांतच कड उडाली, किंवा वायर कटवर ठोकळा मधोमध तडकला, की दोष पोलादावर जातो, नाहीतर पोलाद पुरवणाऱ्यावर. हार्डनिंगवर तो सहसा जात नाही, कारण आकडा तर बरोबर आलेला असतो. या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे, की कडकपणा आला म्हणजे हार्डनिंग झाले. साध्या कार्बन पोलादापुरता तो बऱ्याच अंशी चालून जातो. थंड पोलाद कापणाऱ्या डायचे डी-२, ॲल्युमिनियमच्या डाय कास्टिंगचे एच-१३ आणि ड्रिल-कटरचे एम-२ यांच्या बाबतीत मात्र तो महागात पडतो. या पोलादांचे आयुष्य दोन ठिकाणी ठरते: भट्टीच्या कमाल तापमानाला किती कार्बन आणि मिश्रधातू विरघळले तिथे, आणि टेंपरिंगमध्ये उरलेल्या ऑस्टेनाइटचे, म्हणजे तापलेल्या अवस्थेतल्या मऊ रचनेचे, काय झाले तिथे. रॉकवेलचा आकडा या दोन्ही गोष्टी सहज झाकून टाकू शकतो.

सर्वांत जुना समज थंड करण्याविषयीचा आहे: जितके झटक्यात पाणी द्यावे, तितके पोलाद कडक. विळा, छिन्नी, पटाशी यांच्या साध्या पोलादाला ते लागू पडते. त्याला लालबुंद अवस्थेतून साधारण ५५० अंशांखाली आणायला जेमतेम सेकंदभराची सवड असते. त्यात उशीर झाला तर कार्बन आपली जागा सोडून बाहेर पडतो आणि मऊ पर्लाइट तयार होते. डी-२ मध्ये मात्र सुमारे १.५ टक्के कार्बन, १२ टक्के क्रोमियम आणि जोडीला मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असते. हे मिश्रधातू कार्बनची हालचाल इतकी मंद करतात की ती सवड सेकंदांवरून मिनिटांवर जाते. म्हणून डी-२ उघड्या हवेत निवत ठेवले तरी कडक होते. त्याला पाण्यात बुडवून जादा कडकपणा मिळत नाही, मिळतात त्या भेगा. वरचा थर आधी मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक रचना, होऊन ताठरतो, मग आतला गाभा उशिरा मार्टेन्साइट होताना फुगतो आणि आधीच ताठरलेला वरचा थर फाटतो. इथे बाजारातल्या नावाचाही एक घोळ आहे. एचसीएचसीआर या एकाच नावाखाली डी-२ आणि डी-३ दोन्ही विकली जातात. डी-३ मध्ये कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, मॉलिब्डेनम नसते आणि त्याला तेल लागते. दुकानातून आणताना नेमकी जात विचारली नाही, तर भट्टीवाल्याने कितीही जीव ओतला तरी त्याचा निम्मा अंदाज आधीच चुकलेला असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मग हळू थंड केले तरी चालेल का? तसे नाही, आणि एच-१३ हा त्याचा उत्तम पुरावा आहे. डाय कास्टिंगची जाड डाय व्हॅक्यूम भट्टीत नायट्रोजनच्या झोताने थंड करतात. झोत कमी पडला तरी एच-१३ कडक होतेच, आकड्यात फारसा फरक दिसत नाही. पण १०३० च्या आसपासून ५४० अंशांपर्यंत येताना ते रेंगाळले, तर कणांच्या सीमांवर कार्बाइडची जाळी बसते आणि पोलाद ठिसूळ होते. म्हणूनच उत्तर अमेरिकेच्या डाय कास्टिंग उद्योगाच्या मानकात त्या टप्प्यात पृष्ठभाग मिनिटाला किमान २८ अंशांनी निवला पाहिजे अशी अट आहे. दोन डाय, दोन्हींचा आकडा सारखा, पण एक लवकर भेगाळते आणि दुसरी टिकते. व्हॅक्यूम हार्डनिंग केले म्हणजे सगळे निर्धास्त, हा समजही इथेच गळून पडतो. व्हॅक्यूममुळे पृष्ठभागावरचा कार्बन जळत नाही, हा मोठा फायदा आहे. डायचा गाभा किती वेगाने निवला, हा वेगळा हिशेब आहे.

खरा गोंधळ तापमानाच्या बाबतीत होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. एकीकडे भट्टीतल्या लाल रंगावर किंवा चुंबकावर विसंबणारे आहेत. लोखंड ७७० अंशांना चुंबकत्व सोडते. साध्या पोलादाला त्याच्या थोडे वर नेले की पुरते. डी-२ ला मात्र १००० ते १०४० अंश लागतात, म्हणजे चुंबक सुटल्यानंतर आणखी अडीचशेच्या आसपास. कारण साधे आहे. या पोलादातला बराच कार्बन क्रोमियमशी बांधलेल्या घट्ट कार्बाइडमध्ये कोंडलेला असतो, आणि तो कडकपणा देऊ शकतो तो बाहेर येऊन ऑस्टेनाइटमध्ये विरघळला तरच. पाक करताना पाणी जितके गरम, तितकी साखर जास्त विरते, तसे इथेही आहे, फक्त सगळे कार्बाइड विरघळवायचे नसते. न विरघळलेले कार्बाइड हेच झिजेविरुद्धचे खरे बळ आहे. मार्टेन्साइटचा कडकपणा विकर्सवर सात-आठशे, तर क्रोमियमच्या कार्बाइडचा दीड हजाराच्या आसपास असतो.

दुसरीकडे, थोडे जास्त तापवले तर जास्त कडक, असे मानणारे आहेत. डी-२ चा आलेख पाहिला तर १०२० ते १०४० च्या आसपास थंड झाल्यावरचा आकडा ६३-६४ ला पोहोचतो. त्यापुढे १०८०, ११०० पर्यंत नेले तर तो वाढायचे सोडून घसरू लागतो. अनेकांना हे पटत नाही. भट्टीचे पायरोमीटर खोटे दाखवते असा संशय घेतला जातो. वस्तुस्थिती अशी की कार्बन आणि क्रोमियम जितके जास्त विरघळते, तितके ऑस्टेनाइट स्थिर होते. मार्टेन्साइट बनायची सुरुवात खालच्या तापमानाला सरकते आणि शेवट तर खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो. म्हणजे ठोकळा हाताला गार लागतो तेव्हाही रूपांतर अर्धवटच झालेले असते. नेमस्त तापमानातही काही टक्के ऑस्टेनाइट उरतेच, जास्त तापवले तर ते भरमसाट उरते. ते मऊ असते, आणि त्याहून वाईट म्हणजे अस्थिर असते.

‘जास्त तापवले तर पोलाद जळते’ हा नियमही सगळ्या पोलादांना एकसारखा लावता येत नाही, आणि हे इतिहासानेच दाखवले आहे. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेटने टंगस्टन असलेले पोलाद शोधले, जे पाण्याशिवाय, नुसत्या हवेत कडक होत असे. तरी पुढची तीसेक वर्षे तेही चेरी-लाल रंगापलीकडे नेऊ नये असेच कारागीर मानत होते. १८९८ च्या सुमारास अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी पद्धतशीर प्रयोग केले. नेहमीच्या मर्यादेच्या थोडे वर नेल्यावर हत्यारे खरोखर बिघडत होती, म्हणजे कारागिरांचा अनुभव खोटा नव्हता. पण त्याहून पुष्कळ वर, जवळजवळ वितळण्याच्या उंबरठ्यावर नेलेली हत्यारे लाल तापलेल्या अवस्थेतही धार टिकवत होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती चालताना लोकांनी पाहिली आणि तिथून हायस्पीड स्टीलचे युग सुरू झाले. आजही एम-२ ला ११९० ते १२३० अंश लागतात. हेच तापमान डी-२ ला दिले तर त्याची वाट लागते. अनुभवाची मर्यादा कुठे संपते, हे प्रयोगाने तपासावेच लागते.

टेंपरिंगविषयीचा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो काटकसरीच्या वेषात येतो. हार्डनिंग कडक करते आणि टेंपरिंग थोडे मऊ करून ठिसूळपणा घालवते, म्हणून एकदा केले की पुरे, असे मानले जाते. एम-२ ५५० अंशांच्या आसपास टेंपर केले की त्याचा आकडा उतरायच्या ऐवजी चढतो. मॉलिब्डेनम, टंगस्टन आणि व्हॅनेडियमचे अतिसूक्ष्म कार्बाइड आतून उगवतात म्हणून. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ५०० अंशांच्या वर उरलेल्या ऑस्टेनाइटमधूनही कार्बन बाहेर पडतो, ते अस्थिर होते आणि टेंपरिंगनंतर निवताना त्याचे मार्टेन्साइट बनते. हे मार्टेन्साइट नवे, ताजे, टेंपर न झालेले आणि काचेसारखे ठिसूळ असते. म्हणजे एकाच टेंपरिंगनंतर थांबणारा माणूस पोलादात ठिसूळपणा नव्याने पेरून मोकळा होतो. म्हणून डी-२ ला या तापमानावर किमान दोनदा आणि एम-२ ला तीनदा टेंपरिंग करतात, आणि दर वेळी मध्ये ठोकळा पूर्ण गार होऊ देतात. पहिले टेंपरिंगही हार्डनिंगनंतर लगोलग, ठोकळा हाताला सोसवेल इतपत कोमट असतानाच सुरू करावे. रात्रभर तसाच ठेवलेला ठोकळा सकाळी तडकलेला मिळू शकतो.

आता आकड्याकडे परत येऊ. १०२० अंशांवर कडक केलेले डी-२ २५० अंशांवर टेंपर केले तर सुमारे ५९ लागतो. ४०० च्या आसपास तो ५७ पर्यंत उतरतो. ५२५ वर दोनदा टेंपर केले तर पुन्हा ५९ च्या आसपास येतो. एकच आकडा, पण आतून दोन वेगळी पोलादे. पहिल्यात ऑस्टेनाइट बरेच उरलेले आणि आतला ताण मोठा. धक्का सोसण्यात ते काही वेळा सरस ठरते, पण मापे हळूहळू सरकतात. दुसऱ्यात ऑस्टेनाइट जवळपास संपलेले, ताण पुष्कळ निवळलेला. वायर कटवर तडकतो तो बहुधा पहिला. ठोकळ्यात समतोल साधून बसलेला ताण तारेने कापताच मोकळा होतो आणि पोलाद फाटते. ज्या डायला वायर कट करायचे आहे, तिला ५०० च्या वरचेच टेंपरिंग हवे, हे रॉकवेल यंत्र कधीच सांगणार नाही.

उणे तापमानाच्या उपचाराचा, म्हणजे क्रायोचा, हल्ली फार गाजावाजा आहे. त्याने उरलेले ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होते, एवढे पक्के आहे; गेज किंवा अतिअचूक मापांच्या भागांना त्याचा खरा उपयोग आहे. पण चुकीच्या तापमानाला तापवलेले पोलाद द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, बुडवून सुधारत नाही, आणि त्यानंतरचे टेंपरिंगही टळत नाही. तसाच एक छोटा समज: १२ टक्के क्रोमियम म्हणून डी-२ गंजत नाही. ते गंजते, कारण त्यातले बरेच क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेले असते.

जुन्या जाणत्यांचे म्हणणे असे की आम्ही आयुष्यभर रंग पाहून पाणी दिले आणि हत्यारे टिकली. त्यांचे म्हणणे खोटे नाही. कार्बन पोलाद आणि ओएचएनएस (तेलात कडक होणारे पोलाद) यांचा पल्ला डोळ्याला जमण्याजोगा आहे, आणि त्या डोळ्यांना जे कळत होते ते आजच्या अनेक ऑपरेटरांना कळत नाही. पण १०२० आणि १०७० चा फरक शेडमधल्या उजेडात डोळ्याला दिसत नाही, आणि डी-२ चे नशीब नेमके त्या पन्नास अंशांत ठरते. दुसरा आक्षेप खर्चाचा. छोट्या वर्कशॉपला व्हॅक्यूम भट्टी परवडत नाही, हे मान्य. पण तपासून घेतलेला थर्मोकपल, तापवताना ६५० आणि ८५० अंशांवरचे दोन थांबे आणि दुसरे टेंपरिंग यांना व्हॅक्यूम लागत नाही. ते थांबे अनिवार्य आहेत, कारण हे पोलाद साध्या पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगाने उष्णता आत पोहोचवते. घाईत तापवले तर पृष्ठभाग आणि गाभा वेगवेगळ्या तापमानाला असतात.

हार्डनिंग नीट झाले तरी ग्राइंडिंगवर सगळे वाया जाऊ शकते. कोरड्या, बोथट व्हीलखाली पृष्ठभाग क्षणात टेंपरिंगच्या वर जातो, कधी पुन्हा कडक होण्याइतका तापतो, आणि जाळीसारख्या भेगा पडतात. स्पार्क इरोजनने वितळून पुन्हा गोठलेला पांढरा थरही असाच ठिसूळ असतो. तो घासून काढावा आणि आधीच्या टेंपरिंगपेक्षा वीसेक अंश खाली पुन्हा एकदा तापवावे. या सगळ्यामुळेच ड्रॉइंगवर ‘५८ ते ६०’ एवढेच लिहून काम बाहेर पाठवू नये. जात डी-२, १०२० अंश, ५२५ वर दोन टेंपरिंग, पुढे वायर कट आहे, इतके लिहायला एक ओळ लागते; आणि परत येताना भट्टीचा तापमान-वेळ आलेख मागावा.