लेकीचा सामना, घरबसल्या!

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते ना? नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि क्रिकेटचा विश्वचषक उचलला. एरवी क्रिकेटच्या वाटेला न जाणाऱ्या घरांतही टीव्ही सुरू होता. आता दुसरा प्रश्न. त्याच वर्षी १९ जानेवारीला दिल्लीत खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपली मराठमोळी प्रियांका इंगळे. तो सामना किती जणींनी पाहिला? आणि नोव्हेंबरमध्येच ढाक्याला आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला ३५-२८ असं नमवून कबड्डीचा विश्वचषक जिंकला, तो?

पेपरात फोटो पाहिला असेल, पण सामना पाहिलेल्या मैत्रिणी मोजक्याच निघतील. गंमत बघा, हे दोन्ही खेळ आपण स्वतः खेळलेले. परकर-पोलक्यात, शाळेच्या पटांगणावर, गुडघे फोडून घेत. क्रिकेटची बॅट आपल्यातल्या कितीजणींनी हातात धरली? तरी ओळखीचं झालं ते क्रिकेटच, कारण ते सतत दिसत राहिलं. जे दिसतं तेच मोठं होतं, हा टीव्हीचा न्याय.

टीव्हीचंही एक गणित आहे म्हणा. एक सामना दाखवायचा तर पाच-दहा कॅमेरे, मोठी गाडी, तंत्रज्ञ, सॅटेलाइटचा खर्च. तो भरून काढायला जाहिराती हव्यात. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी एवढा घाट कोण घालणार? अगदी महिला क्रिकेटचीही हीच कथा होती. इंग्लंडमधल्या २०१७ च्या विश्वचषकात ३१ सामने झाले, त्यातले टीव्हीवर थेट दाखवायचे ठरले फक्त १०. उरलेल्या २१ सामन्यांची सोय इंटरनेटवर केली गेली. सांगलीची स्मृती मानधना घरोघरी पोहोचली ती त्याच स्पर्धेनंतर.

आता हीच इंटरनेटची वाट गावापर्यंत आली आहे. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटलं. एक मोबाइल, एक स्टँड आणि नेटपॅक एवढ्यावर जिल्ह्याची खो-खो स्पर्धा, गावच्या जत्रेतलं कुस्ती मैदान, मंडळाची कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट असं सगळं थेट दिसू लागलं आहे. याला म्हणायचं लाइव्ह स्ट्रीमिंग. आपल्या भाषेत, ऑनलाइन थेट प्रक्षेपण.

आईने न पाहिलेला खेळ

यात बायकांचं काय, असं कुणी विचारेल. तर बायकांचंच जास्त! कबड्डीच्या स्पर्धा बहुतेक रात्री, प्रकाशझोतात. कुस्तीच्या फडाभोवती तर बाईमाणूस दिसणं विरळाच. मुलीचा सामना परजिल्ह्यात असला की बरोबर जायचे ते बाबा किंवा शाळेचे सर. आई घरी. दुकान, शेत, म्हाताऱ्या सासूबाई, धाकट्याची शाळा हे सोडून ती जाणार कशी? मग मुलगी आठ-आठ वर्षं खेळते, घरात प्रमाणपत्रांची फाइल जाड होते, पण आईने लेकीची एकही चढाई पाहिलेली नसते.

न पाहिलेल्या खेळाची किंमत घरात कशी व्हायची? “उन्हात काळी पडशील”, “हातपाय मोडून घेशील, मग कोण करील तुला?”, “दहावीचं वर्ष आहे, आता बास!” ही वाक्यं कोणत्या घरात होत नाहीत? अशा वेळी निर्णय होतो तो ऐकीव गोष्टीवर. तीच आई भाकऱ्या उरकून, मोबाइल तेलाच्या बरणीला टेकवून लेकीचा सामना बघते, तेव्हा वेगळंच काही दिसतं. घरात तोंडातून शब्द न काढणारी आपली पोर मैदानात ओरडून सगळ्यांना जागा सांगते आहे. समोरच्या सहाजणींच्या तावडीतून मध्यरेषा गाठते आहे. सामना हरल्यावरही पंचांना नमस्कार करते आहे. मग “खेळणं बंद” म्हणताना जीभ जरा अडखळतेच. आणि शेजारच्या काकू, मामी, गावाकडची आजी यांनीही तेच पाहिलेलं असतं, त्यामुळे बाजू घेणारी माणसंही वाढतात.

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिल्यांदा महिलांची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. अशी एक लढत घरातल्या बायकांनी स्वतः पाहणं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी वाचणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणखी एक फायदा. थेट दाखवलेला सामना नंतर चॅनेलवर राहतो. मुलीला आपली चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते, प्रशिक्षकांना तो सामना थांबवून-थांबवून समजावता येतो. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही राज्यात उघडकीला आली आहेत. व्हिडिओ काही प्रमाणपत्राची जागा घेणार नाही. पण खरी खेळलेली मुलगी कोण, हे गावाला तरी ठाऊक राहतं!

कॅमेरा कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, इथेच जरा थांबायला हवं. दिसणं चांगलं, पण काय दिसतं हे कॅमेरा धरणारा ठरवतो. मुली हाफ पँट घालून खेळतात, सूर मारतात, पडतात, एकमेकींना पकडतात. कॅमेरा सामन्यावर असेल तर तो खेळ असतो. तोच मुलीच्या अंगावर रेंगाळला की वेगळंच काही होतं. ही काळजी आपल्या खेड्यापाड्यातलीच नाही बरं का. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी प्रक्षेपणाच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की खेळाडू मुलींच्या शरीराच्या भागांवर रोखलेली दृश्यं आम्ही दाखवणार नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तर कॅमेरामननाच तशा सूचना दिल्या गेल्या. ऑलिंपिकला जे सांगावं लागतं, ते आपल्या मंडळाच्या पोरांना सांगायला काय हरकत आहे?

दुसरी डोकेदुखी म्हणजे सामन्याशेजारी सरकणारा चॅट. कुणीही, कुठूनही, काहीही लिहितो. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल एखादं घाणेरडं वाक्य आलं की ते घरी वाचलं जातं, आणि शिक्षा कुणाला? मुलीला. तिचं खेळणं बंद! लिहिणारा मोकळाच. म्हणून भीतीपोटी प्रक्षेपण बंद पाडण्यापेक्षा त्याची सूत्रं हातात घेणं बरं. ते अजिबात अवघड नाही.

तिसरं संकट पैशाचं. जुलै २०२२ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी एक अजब प्रकार उघडकीला आणला. शेतात क्रिकेटचं मैदान करून, शेतमजुरांना सामन्यामागे ४०० रुपये देऊन, मोठ्या संघांसारखे कपडे घालून खोटी लीग खेळवली जात होती. ती यूट्यूबवर थेट दाखवायची आणि तिकडे रशियात बसलेल्या लोकांकडून पैजा लावून घ्यायच्या! तेव्हा सामना कितीही लहान असला तरी त्यावर जुगार लावणारे निघतात, हे विसरू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. स्पर्धेला “प्रायोजक मिळाला” असं मंडळ सांगू लागलं, की कोणता, हे विचारायची लाज वाटू देऊ नका.

पदर खोचा, मोबाइल धरा

आता प्रत्यक्ष करायचं कसं? शाळेची पालक समिती किंवा गल्लीचं महिला मंडळ हे काम सहज करू शकतं.

• चॅनेल शाळेच्या किंवा मंडळाच्या नावाने काढा आणि ते मोठ्या माणसांच्या हाती ठेवा. यूट्यूबवर एकट्याने थेट प्रक्षेपण करायला वयाची १६ वर्षं पूर्ण लागतात. मोबाइलवरून करायचं तर चॅनेलला किमान ५० सदस्य हवेत. पहिल्यांदा ही सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो, म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी धावपळ नको.

• शाळकरी मुलींचा सामना असेल तर ‘अनलिस्टेड’ हा पर्याय निवडा. मग ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनाच सामना दिसतो. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाका. चॅट सरळ बंद ठेवा. आधी सगळ्या पालकांची लेखी संमती घ्या.

• मोबाइल आडवा, स्टँडवर आणि उंचावर. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, ते एका जागेवरून पूर्ण मावतं. खो-खोला दोन्ही खांब दिसतील एवढं मागे जा. कॅमेरा पुन्हापुन्हा जवळ नेऊ नका. पूर्ण मैदान दिसलं की खेळही नीट कळतो आणि नको ती दृश्यंही टळतात.

• साधारण चांगल्या चित्रासाठी तासाला सव्वा ते दीड जीबी डेटा जातो. पॉवर बँक जवळ हवीच. मध्येच फोन आला की प्रक्षेपण तुटतं, म्हणून शक्यतो ज्या नंबरवर नातेवाइकांचे फोन येतात तो मोबाइल वापरू नका.

• मध्यंतरात लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी नकोत. कॉपीराइटमुळे आवाज किंवा अख्खं प्रक्षेपणच बंद पडू शकतं.

• घरच्यांना एक सांगून ठेवा. ऑनलाइन सामना काही सेकंद उशिरा दिसतो. मैदानावरून फोन आधी येईल आणि गुण नंतर दिसेल!

• मुलीचं चित्र कापून कुणी वाईट हेतूने फिरवलं, तर गप्प बसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, व्हिडिओची तक्रार यूट्यूबवर करा आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवा. महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी तिथे वेगळी सोय आहे.

राहिलं समालोचन. नुसतं मुकं चित्र बघायला कंटाळा येतो. गुण किती, चढाईला कोण गेली, खो कुणी दिला हे सांगणारं कुणीतरी हवं. त्यासाठी बाहेरून माणूस कशाला आणायचा? आपल्यातल्या जुन्या खेळाडू आहेत की. १९७७ साली इंदूरला चंद्रा नायडूंनी माइक हाती घेऊन क्रिकेटचं समालोचन केलं, तेव्हा बाईचा आवाज ऐकायची सवय कुणालाच नव्हती. शाळेत असताना जिने जिल्हा गाजवला आणि लग्नानंतर जी पुन्हा मैदानाकडे फिरकली नाही, अशी एकतरी वहिनी प्रत्येक गल्लीत असते. तिला माइकपुढे बसवा. ती जे बोलेल ते कोणत्या पुस्तकात नसेल, आणि मैदानातल्या मुलींनाही कळेल की खेळलेली बाई खेळ विसरत नाही.

शाळांच्या तालुका स्पर्धांचं वेळापत्रक यंदा लागलं, की क्रीडा शिक्षकांना दोनच गोष्टी विचारा. मुलींचे सामने थेट दाखवणार आहात का? आणि कॅमेरा कोण धरणार? “अजून काही ठरलं नाही” असं उत्तर आलं, तर म्हणा, “सर, आम्ही येतो.”