दडवलेला रेडिओ शोधताना

हातात नकाशा, होकायंत्र आणि छोटा रेडिओ घेऊन रानात धावायची एक स्पर्धा असते. हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओ चालवणारे लोक, तिला ‘फॉक्स हंटिंग’ म्हणतात. पाच प्रक्षेपक, म्हणजे संदेश सोडणारी यंत्रं, रानात दडवलेली असतात. ती शोधून वेळेत शेवटची रेषा गाठायची. हिची पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली पोलंडमध्ये झाली. दिंडोरीच्या मुलामुलींनी हा खेळ शिकावा असं मला मनापासून वाटतं. सरावाला लागणारे डोंगर, माळ आणि ओढे आपल्या दारातच आहेत.

आधी आवाज ओळखायला शिकू. पाचही यंत्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात आणि पाळीपाळीने एकेक मिनिट बोलतात. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक भाषा, येत नसली तरी चालतं. पहिली दोन अक्षरं पाचही यंत्रांची तीच असतात, त्यानंतरची टिंबं तेवढी मोजायची. पहिल्या यंत्राला एक टिंब, पाचव्याला पाच. एकाची पाळी हुकली, की चार मिनिटं थांबणं आलं.

स्पर्धा दोन पट्ट्यांवर होते: ३.५ मेगाहर्ट्झ (८० मीटर) आणि १४४ मेगाहर्ट्झ (२ मीटर). दुसऱ्या पट्टीचा अँटेना पीव्हीसी पाइप आणि मोजमापाची पोलादी टेप यांतून घरी बनतो. तरीही सुरुवात ८० मीटरवर करावी. २ मीटरच्या लहरी कड्यावर आपटून परततात. रामशेजसारख्या किल्ल्याच्या पायथ्याशी यंत्र एकीकडे असतं आणि आवाज कड्याकडून येतो.

आता दिशा. ८० मीटरचा रेडिओ हळूहळू फिरवला, की एका ठिकाणी आवाज एकदम बुडतो. दिशा या बुडण्यावरूनच धरायची, कारण आवाज मोठा असतो तो पट्टा फार रुंद असतो. मात्र बुडणं समोर आणि मागे, दोन्हीकडे सारखंच होतं. यंत्र नेमकं कुठल्या बाजूला, हे रेडिओवरच्या छोट्या जोड-अँटेनाचं बटण दाबून कळतं. नवखे घाईत ते दाबत नाहीत आणि थेट उलट्या दिशेला पळत सुटतात. सर्वाधिक वेळ इथेच जातो.

मिळालेली दिशा होकायंत्राने नकाशावर रेघ म्हणून आखावी. नाशिककडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे सरावात ती दुरुस्ती करत बसू नये. मग आडवं चालत जाऊन दुसरी रेघ घ्यावी. रेघा छेदतात तिथे यंत्र. यंत्राच्याच दिशेने सरळ जाऊन दुसरी रेघ घेतली, तर दोन्ही एकमेकींवर पडतात आणि हाती काही लागत नाही.

आपल्या भागातली खास अडचण म्हणजे द्राक्षबागा. मांडवाच्या लोखंडी तारा, काटेरी कुंपण, विजेच्या लाइनी ८० मीटरची दिशा वाकवतात. अशा ठिकाणी घेतलेली रेघ खोडावी आणि मोकळ्या माळावर पुन्हा घ्यावी. बागेत तर शिरूच नये. शेतकऱ्याच्या पिकाला धक्का लागता कामा नये. शिवाय फवारणीही चालू असू शकते.

क्रम ठरवताना दोन नियम उपयोगी पडतात. मुख्य स्पर्धेत सुरुवातीच्या जागेपासून ७५० मीटरच्या आत यंत्र नसतं आणि दोन यंत्रांत किमान ४०० मीटर अंतर असतं. म्हणून निघाल्या निघाल्या झुडपं धुंडाळत बसू नये. पहिल्या पाच मिनिटांत पाचही दिशा टिपाव्यात, मगच वाट ठरवावी. माझ्या मते शर्यत इथेच जिंकली किंवा हरली जाते. पायांचा वेग नंतर.

जवळ पोचल्यावर रेडिओची संवेदनशीलता कमी करत जावी. ती चढीच ठेवली तर आवाज चहूबाजूंनी सारखा येतो आणि माणूस यंत्राभोवती गोल फिरत राहतो. नारिंगी-पांढरा झेंडा दिसला की तिथे नोंद करावी आणि लगेच पुढचं मिनिट ऐकायला लागावं.

शेवटच्या रेषेजवळ सहावं यंत्र वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर अखंड बोलत असतं. परतताना त्याचा माग धरावा. निकालात आधी सापडलेली यंत्रं मोजतात, मग वेळ. पण वेळमर्यादा ओलांडली तर सापडलेल्या यंत्रांचीही गणना होत नाही. म्हणून परतायला किती मिनिटं लागतील ते नकाशावर मोजून ठेवावं आणि तेवढीच उरली की पाचवं यंत्र सोडून निघावं.

सरावासाठी यंत्र दडवून संदेश सोडायचा तर परवानाधारक हॅम सोबत हवा.