छेदात कोण आहे?

बारावीचे निकाल लागले की विद्यार्थी सल्ला विचारायला शिक्षकांकडे येतात. त्यांचा एक प्रश्न आमच्या कानावर वरचेवर पडतो: 'आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे, पण डॉक्टर व्हायचे नाही. मग काय शिकू?' सार्वजनिक आरोग्य हे त्याचे एक उत्तर आहे. पण ते देताना आपण अडखळतो, कारण पदवीला हा विषय घेऊन नेमके काय शिकतात हे आपल्यालाच ठाऊक नसते. लसीकरणाची भित्तिपत्रके आणि गावसफाई एवढेच डोळ्यांपुढे येते. तेही त्यात आहे. पण विषयाचा कणा वेगळा आहे. तो समजून घ्यायला आपण १८५४ सालच्या लंडनमध्ये जाऊ या.

त्या वर्षी लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. रोग दूषित हवेतून पसरतो असे बहुतेक डॉक्टर मानत. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचे काम करणारे डॉ. जॉन स्नो यांचा मात्र पाण्यावर संशय होता. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा त्यांच्या सांगण्यावरून काढला गेला ही गोष्ट पुष्कळांनी वाचलेली असते. ती रंजक आहे, पण पुरावा म्हणून लंगडी आहे. दांडा काढला तेव्हा त्या भागातली साथ आधीच ओसरू लागली होती. स्नो यांचे खरे मोठे काम दक्षिण लंडनमधले आहे.

तेथे दोन कंपन्या घरोघर पाणी पुरवीत. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसी येथे, म्हणजे शहराची गटारे जिला मिळत त्या थेम्स नदीतून पाणी उचलत असे. लँबेथ कंपनीनेही पूर्वी शहरातच पाणी घेतले होते, पण १८५२ मध्ये तिने आपले ठिकाण प्रवाहाच्या वरच्या बाजूला, शहराबाहेर हलवले. दोघींचे नळ एकाच रस्त्याने गेलेले. शेजारशेजारच्या दोन घरांत हवा तीच, राहणीही साधारण तीच, पाणी मात्र वेगळे. असा प्रयोग मुद्दाम मांडायचा म्हटले तरी कोणाला जमला नसता.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या घरांत १,२६३ माणसे दगावली, तर लँबेथच्या घरांत ९८. येथे वर्गात थांबून विचारावे: एवढ्यावरून पाण्याचा दोष सिद्ध झाला का? नाही. पहिल्या कंपनीची घरेच कदाचित खूप जास्त असतील. स्नो यांनी घरांची संख्या मिळवली. पहिलीची घरे ४०,०४६ आणि लँबेथची २६,१०७ होती. आता भागाकार करू. दर दहा हजार घरांमागे पहिलीकडे सुमारे ३१५ मृत्यू, दुसरीकडे सुमारे ३७. फरक आठ पटींहून अधिक. (छेदात माणसे हवीत, घरे कशी, अशी शंका एखादा विद्यार्थी काढील. शंका योग्य आहे. दोन्हीकडची घरे एकमेकांत मिसळलेली होती म्हणूनच येथे घरांवर भागते.)

यात एक अडचण होती. मृत्यू झालेल्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येते हे बहुधा घरच्यांनाच माहीत नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरी. स्नो यांनी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल अशी युक्ती केली. पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की त्यातल्या क्लोराइडमुळे पांढरा साका येतो. बॅटरसीच्या पाण्यात मिठाचे प्रमाण लँबेथच्या पाण्याच्या सुमारे चाळीस पट होते, त्यामुळे फरक लगेच कळे. हे सारे कॉलऱ्याचा जंतू सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधी. इटलीत पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण रॉबर्ट कॉख यांच्या १८८३-८४ मधील कामापर्यंत तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

डॉक्टर विचारतो, 'या माणसाला काय झाले आहे?' सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी विचारतो, 'या वस्तीत इतके आणि त्या वस्तीत तितकेच का?' दुसऱ्या प्रश्नाला केवळ शरीरशास्त्र पुरत नाही. म्हणून या अभ्यासक्रमांत साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र पायाशी असते, आणि जोडीला पर्यावरण, समाजशास्त्र, आरोग्यसेवांचे व्यवस्थापन व अर्थशास्त्र येते.

स्नो यांना तुलना आयती मिळाली. ती मुद्दाम घडवावी कशी लागते हे गडचिरोलीत दिसते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले: वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध व इंजेक्शन देणे. हे ३९ गावांत केले. पण जन्म आणि बालमृत्यू मोजले ते आणखी ४७ गावांतही, जेथे हा कार्यक्रम नव्हता. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ३९ गावांत २५.५ होते आणि ४७ गावांत ५९.६. ती ४७ गावे मोजली नसती, तर पाऊसपाणी बरे झाले म्हणून मृत्यू घटले असतील असे कोणीही म्हणू शकला असता. आणि घरी जन्मून दोन दिवसांत गेलेले बाळ कागदावर येतच नसेल तर ते अंशातही नाही आणि छेदातही नाही. तेथील कष्टाचा मोठा भाग ही नोंद करण्यातच गेला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या कामात नवजात बाळांच्या गृहभेटी आल्या.

आता प्रवेशाविषयी. आपल्याकडे हा विषय दीर्घकाळ एम.बी.बी.एस.चा एक भाग म्हणूनच शिकवला गेला. कोलकात्यात यासाठी अखिल भारतीय संस्था १९३२ पासून आहे, आणि तिरुअनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ मध्ये एम.पी.एच. सुरू झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही ती पदव्युत्तर पदवी आहे. पदवीपातळीवरचे अभ्यासक्रम अलीकडचे आणि मोजके आहेत. आमचे मत असे की, विद्यार्थ्याने पदवीच्या नावापेक्षा दोन गोष्टींची चौकशी करावी: संख्याशास्त्र किती शिकवतात, आणि विद्यार्थ्यांना गावात किंवा वस्तीत किती दिवस पाठवतात. दोन्हींचे उत्तर गुळमुळीत मिळाले तर संख्याशास्त्र, समाजशास्त्र किंवा परिचर्या यांत चांगली पदवी घेऊन मग एम.पी.एच.कडे जाणे बरे.

विषय आवडतो का हे आधी शाळेतच पाहता येईल. हजेरीपटावरून जून ते ऑगस्टमध्ये जुलाब-उलट्यांमुळे कोण किती दिवस गैरहजर होते ते मुलांकडून इयत्तावार काढून घ्यावे आणि पटसंख्येने भागावे. मग वस्तीवार भागावे. तेथे छेद मुलांना स्वतः शोधावा लागेल. प्रत्येक वस्ती पाणी कुठून भरते हेही विचारावे. वाद होतील. पट सोडून गेलेली मुले धरायची का, नुसते 'आजारी' लिहिले असेल तर काय करायचे. ते वाद लिहून ठेवावेत, आणि पुढच्या पावसाळ्यात नोंद कशी ठेवायची ते मुलांनाच ठरवू द्यावे.