आधी पाण्याला विरजण, मग मासे



गप्पी मासे आपल्याला नवे नाहीत. डास वाढू नयेत म्हणून आरोग्य खात्याची माणसं ते गावच्या हौदात, डबक्यात सोडतात. त्यांचेच रंगीत शेपटीवाले भाऊबंद आता लोक हौसेनं घरात काचेच्या टाकीत ठेवतात. गिऱ्हाइकाच्या जागेच्या मापानं टाकी बनवून, मासे सोडून द्यायचं काम आमच्या बचत गटानं सुरू केलं.

पहिली टाकी तालुक्याच्या एका दुकानात बसवली. पाणी अगदी नितळ. दुसऱ्याच दिवशी बारा मासे सोडले. सहाव्या दिवशी फोन आला, "ताई, नऊ मासे मेले." पैसे परत करावे लागले. चूक आमचीच होती. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, असं आम्ही धरून चाललो होतो.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण माशाला विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते थोडं असलं तर मासा सहन करतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. विरजण लावल्याशिवाय दुधाचं दही होत नाही, तसंच हे.

म्हणून क्रम असा ठेवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५० किलो. स्टँड मजबूत आणि समपातळीत हवा, टाकीखाली थर्माकोल हवा. थेट ऊन पडेल तिथे टाकी ठेवू नका, शेवाळ माजतं. वाळू नुसत्या पाण्यानं धुवा, साबण लावू नका. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. त्यातला क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतो. पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मग वापरा.

आता फिल्टर सुरू करा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी माशांच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला, तर काम लवकर होतं. तेच आपलं विरजण. तपासणी किटमध्ये आधी वाढलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की चार-पाच गप्पी किंवा मोली सोडा. हे मासे आपल्या बोअरच्या जड पाण्यातही चांगले राहतात. पिशवी आधी १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं कोमट होईल. बाकीचे मासे पुढच्या आठवड्यांत थोडे थोडे सोडा.

पुढे दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्यातच पिळा. फिल्टर रात्रीही चालू ठेवा.

काही गिऱ्हाइकं समुद्रातल्या प्रवाळाची टाकी मागतात. तिथे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ लागतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी लागते. क्षार, उष्णता, उजेड यांत थोडा फरकही प्रवाळाला सोसत नाही. शिवाय समुद्रातून प्रवाळ काढणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. गोड्या पाण्यात हात बसेपर्यंत त्या वाटेला जाऊ नका.

आणि नकोसे झालेले मासे ओढ्यात, विहिरीत सोडू नका. परके मासे तिथल्या माशांच्या जिवावर उठतात.

आता आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, "टाकी आज, मासे महिन्यानं." काही जण कुरकुरतात. पण तेव्हापासून पैसे परत करायची वेळ आलेली नाही.