डावलला गेलेला सेनानी, लोकसेवा आयोगाच्या खुर्चीत

रबाळ्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळी दोन तऱ्हेची माणसं चढतात. एक पाळी संपवून एमआयडीसीतून परतणारी आणि दुसरी जाडजूड पुस्तकं घेऊन निघालेली, एमपीएससी करणारी मुलं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं मुख्यालय आता याच मार्गावर, बेलापूरला आहे. या मुलांना संविधानातलं कलम 315 पाठ असतं. पण या आयोगाचं अध्यक्षपद एकेकाळी बर्मा आणि कोरिया पाहिलेल्या एका लेफ्टनंट जनरलकडे होतं, हे फारसं कुणाच्या वाचनात येत नाही. ते म्हणजे कोल्हापूरचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. सैन्यात त्यांना सगळे 'एसपीपी' म्हणत.

थोरातांचा जन्म 1906 चा. सँडहर्स्टमधून 1926 मध्ये कमिशन मिळालं आणि ते पंजाब रेजिमेंटमध्ये गेले. त्या काळी हिंदी अधिकाऱ्याच्या हाती लढाईत पलटण द्यायला ब्रिटिश कचरत. जानेवारी 1945 मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ इथे मात्र एक वेगळीच ब्रिगेड उतरली. तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. जपान्यांनी घट्ट धरून ठेवलेली 'मेलरोज' नावाची टेकडी अखेर थोरातांच्या 2/2 पंजाबने घेतली. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं. हिंदी अधिकारी पलटण लढवू शकतो का, हा वाद तिथेच निकालात निघाला.

पुढे 1953 मध्ये कोरियात थिमय्या आणि थोरात पुन्हा एकत्र आले. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या 22 हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली होती. थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष, तर थोरात राखणदार दलाचे प्रमुख. दक्षिण कोरियाच्या सरकारचा भारताला इतका विरोध, की जवानांना त्यांच्या जमिनीवर पाय न ठेवू देता जहाजावरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड ओढून नेलं. गोळीबार केला असता तर मेजर गेला असता आणि कैद्यांची प्रेतंही पडली असती. थोरात नि:शस्त्र आत गेले, कैद्यांशी बोलत राहिले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. त्यासाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग 2 मिळालं. त्यालाच आज कीर्ती चक्र म्हणतात. माझ्या मते मेलरोजपेक्षा हा प्रसंग मोठा. टेकडी घेताना हाती बंदूक असते.

आता कडू भाग. 1957 पासून थोरात लखनौला ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. ऑगस्ट 1959 मध्ये चीनच्या सीमेवर लाँगजूची चकमक झाली. त्याच ऑक्टोबरात त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाचं टिपण पाठवलं. सीमेवर टेहळणीपुरत्या चौक्या ठेवाव्यात आणि खरी फळी मागे, रसद पोचेल अशा जागी, बोमडिलाच्या बाजूला उभारावी, असं त्यांचं म्हणणं होतं. सरसेनापती थिमय्यांना ते पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्यात घबराट दिसली. मार्च 1960 मध्ये थोरातांनी 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन हीच मांडणी नकाशावर तपासली: आहे त्या बळावर चिनी हल्ला झाला, तर कोणतं ठाणं किती दिवसांत पडेल? 20 ऑक्टोबर 1962 ला चिनी हल्ला झाला आणि उत्तर महिनाभरात प्रत्यक्षात मिळालं.

त्याआधीच, मे 1961 मध्ये, थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले होते. आपल्यामागे थोरात यावेत ही थिमय्यांची शिफारस होती. सरकारने प्राणनाथ थापर यांना निवडलं. इथे थोरातांचे चाहते एक गोष्ट सांगायची विसरतात: थापर ज्येष्ठ होते. नियमाकडे बोट दाखवायला सरकारला जागा होती. मात्र लढाईत तुकडी चालवल्याचा अनुभव नसलेल्या बी. एम. कौल यांच्या हाती 1962 च्या ऑक्टोबरात नेफातली चौथी कोअर दिली गेली, तेव्हा हाच काटेकोरपणा दिसला नाही.

थोरात सरसेनापती झाले असते तर युद्ध जिंकलं असतं, असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. रस्ते नव्हते, थंडीचे कपडे नव्हते, पैसाही नव्हता. युद्धाच्या दिवसांत नेहरूंनी आपल्याला बोलावून टिपणाविषयी विचारलं, हा किस्साही त्यांच्याच 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' या आत्मचरित्रातला आहे. तो एका बाजूची साक्ष म्हणूनच वाचावा. पण टिपण आणि सराव या दोन्ही गोष्टी युद्धाआधीच्या आहेत. पश्चातबुद्धीचा आरोप त्यांना चिकटत नाही.

अशा माणसाला महाराष्ट्राने लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षपदी बसवलं, यात मला औचित्य दिसतं. भरतीची पद्धत, बढतीची तत्त्वं आणि शिस्तभंगाची प्रकरणं या तिन्हींत सरकारने आयोगाचा सल्ला घ्यावा, असं कलम 320 सांगतं. अध्यक्षाची नेमणूक राज्यपाल करतात, पण गैरवर्तनासाठी त्याला काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीनंतर राष्ट्रपतींनाच काढता येतं. मंत्र्याची मर्जी फिरली म्हणून खुर्ची जाऊ नये, यासाठीच ही तटबंदी. मर्जीच्या निवडीची किंमत काय असते, हे थोरातांना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. राज्य आयोगातल्या सदस्यांची वयोमर्यादा तेव्हा 60 होती, त्यामुळे 1906 साली जन्मलेल्या थोरातांना ही खुर्ची फार काळ लाभणार नव्हतीच.

घराण्यातला सरकारी चाकरीचा धागा पुढेही टिकला. मुलगा यशवंत थोरात 'नाबार्ड'चे अध्यक्ष झाले आणि सून उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर. स्वतः जनरल 1992 मध्ये गेले.

1962 च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने आजही अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्याचा काही भाग 2014 मध्ये परदेशी पत्रकाराकडून बाहेर आला. बाकीचाही प्रसिद्ध करावा, ही मागणी महाराष्ट्रातून व्हायला हवी. ज्यांच्या शिफारशी बाजूला ठेवल्या गेल्या त्यांच्यात आपला एक माणूस होता, आणि मेनन पायउतार झाल्यावर संरक्षण खातं सांभाळायला दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाणही आपलेच होते.