‘सूट’ म्हटली की वजाबाकी?

समजा, सोलापुरात सात रस्ता येथील एखाद्या दुकानात ५० रुपये सूट मिळून एक चादर ४०० रुपयांना पडली. तिची मूळ किंमत किती? ‘सूट’ हा शब्द दिसताच अनेक विद्यार्थी वजाबाकी करून ३५० असे उत्तर लिहितात. सूट मिळण्यापूर्वीची किंमत दिलेल्या रकमेहून कमी कशी असेल, हा साधा प्रश्न मात्र राहून जातो.

शाब्दिक उदाहरणातील वाक्य आधी जसेच्या तसे मांडावे. मूळ किंमत ‘क्ष’ मानल्यास क्ष − ५० = ४००. समीकरण म्हणजे समतोल तराजू. एका पारड्यात जे घालावे, तेच दुसऱ्यातही. दोन्ही बाजूंत ५० मिळविले की क्ष = ४५०.

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा पाठ केलेला नियम सोयीचा खरा, पण घातही तोच करतो. अशा चार चादरींचे सूट न घेता १,८०० रुपये झाले, तर ४क्ष = १,८००. येथे ४ ‘पलीकडे’ नेऊन वजा केल्यास एकाच चादरीची किंमत १,७९६ रुपये निघते! गुणाकार भागाकारानेच सुटतो. दोन्ही बाजूंना ४ ने भागावे.

‘क्ष’चे हे काम भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात ‘यावत्तावत्’ ही संज्ञा करते. आलेले उत्तर मूळ वाक्यात ठेवून पाहावे: ३५० मधून ५० गेले तर उरतात ३००, आणि ग्राहकाने तर ४०० मोजले आहेत.